शेतापासून बाजारापर्यंतच्या वाटेत भाव नेमका कुठे मुरतो?

तुमचा प्रश्न असा आहे: पीक तेच, प्रत तीच, हंगामही तोच, तरी दोन प्रदेशांतल्या शेतकऱ्यांच्या हातात इतका वेगळा भाव का पडतो? आणि रस्ते, फोन, शीतगृहं आल्यावरही भूगोलाचं इतकं चालतं का? शेतमालाची वाहतूक आणि बाजार हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चालतं, आणि भरपूर चालतं. लोक सहसा किलोमीटर मोजतात. अंतराला महत्त्व आहेच, पण माझ्या मते त्याहून मोठे प्रश्न दोन. त्या प्रदेशातून माल बाहेर काढायला किती वाटा आहेत? आणि माल, किंवा मालाचा धनी, किती दिवस थांबू शकतो? एकच वाट आणि थांबायची सोय नाही, अशी स्थिती असली की गिऱ्हाईक सांगेल तो भाव. वाटा दोन-तीन असल्या आणि माल कोठारात महिनाभर ठेवता आला, तर तोच शेतकरी मान वर करून बोलतो. कुठल्या शेतकऱ्याच्या वाट्याला यातली कुठली बाजू येणार हे बऱ्याच अंशी नदी, डोंगर, पाऊस आणि बंदर मिळून ठरवतात.

या विषयाचा पाया घातला योहान हाइनरिश फॉन ट्यूनन या जर्मन जमीनदाराने. मेक्लेनबुर्गमध्ये टेलो इथे त्याची शेती होती आणि तिथला जमाखर्च तो वर्षानुवर्षं काटेकोरपणे लिहून ठेवायचा. १८२६ साली त्याने मांडलेली कल्पना अशी: एक सपाट मैदान धरा. जमीन सगळीकडे सारखीच कसदार, मधोमध एकच शहर, ना नदी ना डोंगर. मग शहराला लागून दूध आणि भाजीपाला येईल, कारण तो टिकत नाही. त्यापलीकडे सरपणाचं जंगल, कारण लाकूड जड. त्याच्या बाहेर धान्य. आणि सगळ्यात लांब जनावरं, कारण ती आपल्या पायांनी बाजारापर्यंत चालत येतात. मला त्याच्या हिशेबातला एक बारकावा फार आवडतो. गाडी ओढणाऱ्या घोड्यांचं खाणं त्याने गाडीतल्याच धान्यातून वजा केलं. एका मर्यादेपलीकडे घोडे आणि गाडीवान मिळून अख्खा माल वाटेतच संपवतात. तिथे धान्य पिकेल, पण विकायला नेण्यात अर्थ उरत नाही. आज घोड्यांच्या जागी डिझेल आलंय, वजाबाकी तशीच आहे. मुक्कामाच्या बाजारातला भाव घ्या, त्यातून वाटेतलं भाडं, हमाली, घट आणि थांबण्याचा खर्च काढा. उरेल तो शेतावरचा भाव.

ही वजाबाकी अंगावर आली की शेतकरी मालाचं रूपच बदलतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत पश्चिम पेनसिल्व्हेनियातले शेतकरी अपालाचियन डोंगरांच्या पलीकडच्या अंगाला राहत होते. राय (गव्हासारखंच एक धान्य) पिकायची भरपूर, पण पूर्व किनाऱ्याचा बाजार डोंगराच्या दुसऱ्या बाजूला. घोड्यावर लादून धान्य नेणं परवडत नव्हतं, त्याची व्हिस्की करून नेणं परवडत होतं, कारण तेवढ्याच वजनात कितीतरी पट किंमत मावायची. १७९१ मध्ये सरकारने नेमका व्हिस्कीवर कर बसवला आणि १७९४ पर्यंत तिथे उघड बंड झालं. किनाऱ्यावर बसून पाहणाऱ्याला तो दारूवरचा कर वाटत होता. डोंगरापलीकडच्या माणसाच्या लेखी तो त्याच्या धान्याच्या एकमेव वाटेवर बसवलेला जकात नाका होता.

पुढे १८२५ मध्ये अमेरिकेतच ईरी कालवा खुला झाला आणि ईरी सरोवराकाठच्या बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल न्यायचा खर्च सुमारे १०० डॉलरवरून १० डॉलरच्या आसपास आला. जमीन होती तिथेच राहिली, पण बाजाराच्या हिशेबात ती एकदम जवळ आली. याचा फटका न्यूयॉर्कच्या जवळच्या, जुन्या गहू पिकवणाऱ्यांना बसला, कारण पश्चिमेच्या नव्या, कसदार जमिनीवरचा गहू आता त्यांच्या दारात येऊन पडू लागला. त्यातल्या बऱ्याच जणांना हळूहळू दूध-लोण्याकडे वळावं लागलं. नवी वाट सगळ्यांच्याच भल्याची असते असं म्हणणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

आता आजच्या काळातली एक जोडी घेऊ, म्हणजे तुमच्या प्रश्नाला थेट हात घालता येईल. ब्राझीलमधलं मातो ग्रोसो आणि अर्जेंटिनामधला रोसारिओच्या आसपासचा पट्टा. दोन्हीकडे सोयाबीन, दोन्ही माल त्याच जागतिक बाजारात जातात. रोसारिओ पाराना नदीवर आहे. नदी एवढी खोल की समुद्रातली मोठी जहाजं थेट आत येतात, तेल गाळणारे कारखाने नदीकाठाला ओळीने उभे आहेत, आणि मुख्य पिकाचा पट्टा बंदरापासून साधारण ३०० किलोमीटरच्या आत. ट्रक सकाळी निघाला की त्याच दिवशी रिकामा होऊ शकतो. मातो ग्रोसोमधल्या सोरीसोहून सांतोस बंदर सुमारे २,००० किलोमीटर. जमीन उत्तम, पाऊस हमखास, वर्षात दोन पिकं. पण भाडंच भावाचा मोठा लचका तोडतं.

किलोमीटर बाजूला ठेवून मातो ग्रोसोचं हवामान बघा. सोयाबीन निघतं जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे भर पावसात. मागोमाग त्याच रानात मका पेरायचा असतो आणि पेरणीला आठवडाभर उशीर झाला तर पाऊस संपून मका सुकतो. म्हणून सगळ्यांचं सोयाबीन एकदम निघतं. साठवणीची जागा पिकाच्या मानाने अपुरी, त्यामुळे पुष्कळ माल शेतावरून थेट ट्रकमध्ये. हंगामात ट्रकच फिरतं कोठार होतं, मागणी शिगेला जाते आणि भाडं नेमकं त्याच आठवड्यांत चढतं. दोन पिकांची देणगी देणारा पाऊसच शेतकऱ्याला थांबू देत नाही. इथे किलोमीटर दुय्यम ठरतात. उत्तरेकडे बीआर-१६३ महामार्गाने तापाजोस नदीवरच्या मिरितितुबाला माल न्यायचा आणि पुढे तराफ्यांनी सोडायचा, ही दुसरी वाट बरीच जवळची. पण २०१७ च्या पावसाळ्यात याच रस्त्याच्या कच्च्या पट्ट्यात हजारो ट्रक चिखलात अडकून पडले होते. २०२० मध्ये तो पट्टा डांबरी झाला आणि उत्तरेची वाट खऱ्या अर्थाने मोकळी झाली. दुसरी वाट उघडली की पहिल्या वाटेवरच्या भाडेवाल्यालाही हात आखडता घ्यावा लागतो, हा त्यातला मोठा फायदा. (अर्जेंटिनाच्या शेतकऱ्याला नदी जवळ असली तरी तिथला निर्यातकर भावाचा मोठा हिस्सा खातो, हेही सांगायला हवं. सगळं काही भूगोलाच्या माथी मारता येत नाही.)

नदीची वाट स्वस्त असली तरी ती नदीच्या मर्जीवर चालते. अमेरिकेतल्या मका-सोयाबीनच्या निर्यातीचा निम्म्याहून अधिक भाग मिसिसिपीतून खाली मेक्सिकोच्या आखाताकडे जातो. एका तराफ्यात सुमारे १,५०० टन माल, आणि एकत्र बांधलेले पंधरा तराफे एकच बोट ढकलत नेते. तेवढ्या मालाला नऊशे-हजार ट्रक लागतील. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, ऐन सुगीत, पाणी इतकं उतरलं की काठावरच्या मेम्फिस शहरात नीचांकाची नोंद झाली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पातळी त्याहूनही खाली गेली. तराफे अर्धवट भरावे लागले, एका खेपेत कमी बांधावे लागले, भाडं विक्रमी चढलं. नदीकाठच्या खरेदी केंद्रांवरचे भाव शिकागोच्या वायदे भावापासून (पुढच्या तारखेच्या सौद्यांच्या भावापासून) खूप खाली सरकले. जगाला माल हवा होता, शिकागोचा भाव पडद्यावर दिसत होता, पण काठावरच्या शेतकऱ्याला तो मिळत नव्हता. ज्याच्या शेतावर स्वतःची कोठारं होती तो पाणी वाढेपर्यंत थांबला. ज्याला नव्हती त्याने पडेल भावात विकलं. नदी तीच, आठवडा तोच, आणि दोन शेजाऱ्यांचे भाव वेगळे. फरक फक्त थांबण्याच्या ताकदीचा.

भूगोलामुळे बाजाराची रीतसुद्धा बदलते, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे. शिकागो जिथे आहे तिथे मोठी सरोवरं आणि मिसिसिपीचं खोरं यांच्यामधला उंचवटा अगदी ठेंगणा आहे, त्यामुळे कालवा खोदता आला. १८४८ मध्ये तो कालवा सुरू झाला, त्याच वर्षी शहरातून पहिली रेल्वे धावली आणि त्याच वर्षी शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडची स्थापना झाली. त्याआधी धान्य पोत्यांतून हिंडायचं. पोत्यावर मालकाची खूण. माल नदीने खाली जायचा आणि अखेरच्या गिऱ्हाइकाला विकेपर्यंत ते पोतं त्याच शेतकऱ्याचं किंवा व्यापाऱ्याचं असायचं. वाटेत भिजलं तर नुकसान त्याचंच. मिसिसिपीकाठच्या सेंट लुइस शहरात ही पद्धत बराच काळ टिकली, कारण नदीची पातळी ऋतूप्रमाणे खूप वरखाली व्हायची. काठ उतरता, पाणी आज इथे तर उद्या तिथे. मग धक्क्याला चिकटून उंच यांत्रिक कोठार बांधणार कसं? हमाल पोती पाठीवर घेऊन काठ चढायचे-उतरायचे.

शिकागोला ती अडचण नव्हती. रेल्वेचे डबे एका बाजूने, सरोवरातली जहाजं दुसऱ्या बाजूने, पाण्याची पातळी स्थिर. तिथे वाफेवर चालणारी उंच कोठारं उभी राहिली. डब्यातलं धान्य पट्ट्यावरच्या बादल्यांनी वर चढायचं आणि वरून सोडलं की पाण्यासारखं वाहत जहाजात पडायचं. पण वाहायचं तर पोतं फोडावं लागतं, आणि पोतं फोडलं की तुझं-माझं धान्य एकाच कोठीत मिसळतं. मग प्रतवारी आली. १८५० च्या दशकात गव्हाच्या प्रती ठरल्या. शेतकऱ्याला त्याच्या गव्हाऐवजी ‘अमुक प्रतीचा इतका गहू’ अशी पावती मिळू लागली, ती पावती हातोहात विकली जाऊ लागली, आणि १८६५ पर्यंत पुढच्या तारखेच्या सौद्यांना लेखी नियम आले. आज जगभर ज्याला वायदे बाजार म्हणतात त्याच्या मुळाशी एक ठेंगणा उंचवटा आणि न हलणारी पाण्याची पातळी आहे. वायदे बाजाराला नुसती सट्टेबाजांची करामत म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी धान्य पोत्यातून कोठीत कसं गेलं हे समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

नाशवंत मालाचं गणित मात्र यापेक्षा कडक. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक घटते, म्हणून एक दिवसाच्या आत गाळप झालं पाहिजे. चहाची पानं त्याच दिवशी कारखान्यात पोचावी लागतात. पाम तेलाचे घड २४ तासांत वाफवायला गेले नाहीत तर तेलाची प्रत उतरते. याचा बाजारावर होणारा परिणाम सरळ आहे. कारखान्याभोवती काही किलोमीटरचं एक वर्तुळ पडतं आणि त्या वर्तुळातल्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक एकच. म्हणून अशा पिकांमध्ये बाजारभावापेक्षा करार, सहकारी संस्था किंवा सरकारी सूत्र यांतून दर ठरताना दिसतो. खुला बाजार चालायला निदान दोन गिऱ्हाइकं लागतात, आणि माल कुजायच्या आत दुसऱ्यापर्यंत पोचता आलं नाही तर दुसरं गिऱ्हाईक नसल्यातच जमा.

पण नाशवंत माल लांब जाऊच शकत नाही असंही नाही. केनियातलं नैवाशा सरोवर विषुववृत्तापासून एका अंशाच्याही आत, पण जवळपास १,९०० मीटर उंचीवर. बारा तास उजेड, थंड रात्री, बाराही महिने सारखी हवा. गुलाबाला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. पहाटे फूल तोडतात, पाण्यात आणि मग थंड खोलीत ठेवतात, ट्रकने साधारण ९० किलोमीटरवरच्या नैरोबी विमानतळावर नेतात. रात्रीच्या मालवाहू विमानाने ते युरोपात पोचतं आणि हॉलंडमधल्या आल्समेरच्या लिलावात घड्याळाचा काटा वरच्या भावाकडून खाली उतरू लागतो. जो आधी बटण दाबेल त्याचं फूल. उंची, अक्षांश आणि विमानतळ हे तिन्ही जुळून आले म्हणून ही साखळी उभी राहिली. तिची एकच वाट आकाशातली आहे हे २०१० च्या एप्रिलमध्ये दिसलं. आइसलँडमधला ज्वालामुखी फुटला, राखेमुळे युरोपातली विमानं बंद पडली आणि केनियात टनांनी गुलाब फेकून द्यावे लागले. हजारो मैलांवरच्या डोंगराने नैवाशातल्या मजुरांचा रोज बुडवला.

डोंगराळ, समुद्रापासून तुटलेल्या प्रदेशात आणखी एक गोष्ट घडते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. बाहेरून धान्य आणायचं तर बंदरावरच्या भावात वाहतूक मिळवावी लागते. बाहेर पाठवायचं तर बंदरावरच्या भावातून वाहतूक वजा करावी लागते. वाहतूक महाग असली की या दोन भावांमधलं अंतर प्रचंड मोठं होतं. स्थानिक भाव या पट्ट्यात कुठेही भरकटू शकतो. बाहेरचा बाजार ना त्याला खालून टेकू देतो, ना वरून झाकण घालतो. इथिओपियात २००१-०२ च्या सुमाराला सलग चांगली पिकं आली. मक्याचा वाढावा पश्चिमेकडच्या उंच भागात, तुटवडा पूर्वेच्या कोरड्या भागात, आणि समुद्र गाठायचा तर जिबूतीपर्यंत लांबचा घाट. मक्याचा भाव इतका कोसळला की काही ठिकाणी कापणीचा खर्चही निघेना आणि कणसं रानातच राहिली. पुढच्या हंगामात शेतकऱ्यांनी बियाणं-खतावर हात आखडला, वर दुष्काळ पडला, आणि २००३ मध्ये त्याच देशात एक कोटीहून अधिक लोकांना अन्नाची मदत लागली. भरघोस पीक आणि उपासमार यांच्यामध्ये जेमतेम एक वर्ष होतं. हे वाचताना मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं, कारण त्या शेतकऱ्यांनी पिकवण्यात काही कसूर केलेली नव्हती.

आठवडी बाजारांबद्दल थोडंसं. जी. विल्यम स्किनर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने चीनच्या सिचुआनमधल्या ग्रामीण बाजारांचा अभ्यास केला आणि तो १९६४-६५ मध्ये प्रसिद्ध केला. सरासरी अठरा गावांमागे एक बाजार, आणि शेजारशेजारच्या बाजारांचे दिवस असे पाळीने लावलेले की दर दहा दिवसांत एकाचे १, ४, ७ तर दुसऱ्याचे २, ५, ८. फिरता व्यापारी एकामागून एक बाजार करत जायचा आणि शेतकरी चालत येऊन त्याच दिवशी घरी परतायचा. सपाट, दाट वस्तीच्या भागात एका बाजाराचा घेर लहान. डोंगरात घेर मोठा आणि माणसं कमी. घेर मोठा म्हणजे शेतकऱ्याला पर्याय कमी, आणि विकायला आणलेला माल परत पाठीवर घेऊन जाण्याचं धैर्यही कमी.

तुमचा शेवटचा प्रश्न: तंत्रज्ञानाने हे पुसलं का? काही अंतरं खरोखर पुसली. १८८२ मध्ये ‘डनेडिन’ नावाचं जहाज न्यूझीलंडहून गोठवलेलं मांस घेऊन तीन महिन्यांनी लंडनला सुखरूप पोचलं. तोवर तिथल्या मेंढपाळाला प्रामुख्याने लोकर आणि चरबीच विकता येत होती. त्यानंतर मांसही विकता येऊ लागलं. फोनमुळे लांबच्या बाजाराचा भाव कळतो आणि व्यापाऱ्याला मनमानी करणं अवघड जातं, हेही खरं. पण भाव कळला म्हणून ट्रक येत नाही. युक्रेनमध्ये २०२२ साली कोणाला भाव माहीत नव्हता? युद्धाने ओदेसाची बंदरं बंद झाली, जगात गहू कडाडला आणि देशात कोठारं तुडुंब भरून भाव घसरले. रेल्वेने पश्चिमेला न्यावं तर युक्रेनच्या रुळांची रुंदी १,५२० मिलिमीटर आणि युरोपातली १,४३५, म्हणजे सीमेवर माल उतरवा-चढवा. जो माल कसाबसा गेला त्यातला बराच शेजारच्या देशांतच मुरला, तिथल्या शेतकऱ्यांचे भाव पडले, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये पोलंड, हंगेरी, स्लोव्हाकियाने आयात थांबवली. युद्ध चालू असतानाही धान्याची जहाजं सोडण्यासाठी झालेल्या काळ्या समुद्राच्या करारातून मात्र वर्षभरात ३ कोटी २० लाख टनांहून अधिक माल बाहेर पडला. जहाजाला पर्याय नाही, तो असा.

चिलीचं उदाहरण मला नव्या तंत्रज्ञानाची ताकद आणि मर्यादा दोन्ही दाखवणारं वाटतं. एका बाजूला आंदेस, दुसरीकडे समुद्र, उत्तरेला अटाकामाचं वाळवंट. त्यामुळे बऱ्याच कीडरोगांना देशात शिरायलाच वाट नाही. देश अरुंद, म्हणून कुठल्याही खोऱ्यातून बंदर जवळ. दक्षिण गोलार्धात असल्याने उत्तरेत थंडी असते तेव्हा इथे चेरी पिकते, तीही चीनच्या नववर्षाच्या तोंडावर, जेव्हा तिथे लाल फळांना जोरदार उठाव असतो. वातानुकूलित कंटेनर आणि सरळ चीन गाठणारी वेगवान जहाजं यांमुळे फळ साधारण तीन-साडेतीन आठवड्यांत पोचतं. २०२५ च्या जानेवारीत अशा एका जहाजाचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं. १,३०० हून अधिक कंटेनर चेरी त्यावर होती. शीतयंत्रणा होती, गिऱ्हाईक ठरलेलं होतं, भाव सगळ्यांना माहीत होता. नववर्ष २९ जानेवारीला होऊन गेलं आणि माल फेब्रुवारीच्या मध्यावर बंदराला लागला, तोवर त्यातलं बहुतेक फळ विकण्याजोगं उरलं नव्हतं.